वाजवणारी मेरी लू

मेरी लू विल्यम्स हे नाव आपल्यापैकी फार थोड्याजणींच्या कानावरून गेलं असेल. अमेरिकेत मात्र जॅझ संगीताचा इतिहास तिच्याशिवाय पुरा होत नाही. स्वतः पियानो वाजवणारी, मोठमोठ्या बँडना संगीत लिहून देणारी, आपल्याहून लहान वादकांना घरी बोलावून शिकवणारी, आणि मध्येच सगळं बाजूला ठेवून व्यसनात बुडालेल्या वादकांची सेवा करणारी अशी ही बाई १९८१ मध्ये गेली. तिची गोष्ट मला मैत्रिणींना सांगावीशी का वाटली, ते ओघात येईलच.

तिचा जन्म ८ मे १९१० चा, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अटलांटा शहरातला. नाव मेरी एल्फ्रिडा स्क्रग्ज. घर कृष्णवर्णीय, कष्टकरी लोकांचं. आई व्हर्जिनिया ऑर्गन वाजवायची. हे ऑर्गन म्हणजे आपल्या पेटीचीच बहीण. पायाने भाता मारायचा आणि हाताने पट्ट्या दाबायच्या. आपल्या संगीत नाटकांत पूर्वी जी पायपेटी असायची, ती याच जातीची. तीनेक वर्षांच्या मेरीला मांडीवर घेऊन आई वाजवत बसायची. एक दिवस आईने एक धून वाजवली आणि मांडीवरच्या पोरीने आपली इवलीशी बोटं पट्ट्यांवर टाकून तीच धून जशीच्या तशी परत वाजवली. आई इतकी दचकली की मूल मांडीवरून खाली पडलं आणि ती शेजारणींना बोलवायला धावली म्हणे!

यापुढे तिने जे केलं, ते मला फार विचार करण्यासारखं वाटतं. आपण काय केलं असतं? लगेच क्लास लावला असता. व्हर्जिनियाने तसं केलं नाही. ती स्वतः शिक्षकाकडे शिकली होती, आणि त्या शिकण्यात एक झालं होतं. कागदावर लिहिलेलं वाजवता यायला लागलं, पण मनातलं वाजवणं, नुसतं कानाने ऐकून उचलणं, हे तिच्या हातातून गेलं होतं. लेकीचं तसं होऊ नये म्हणून तिने शिक्षक ठेवला नाही. त्याऐवजी गावातल्या वाजवणाऱ्यांना घरी बोलवायला सुरुवात केली. ते वाजवायचे आणि मेरी ऐकायची. शिकवणी नाही, परीक्षा नाही. घरात येणारा सूर आणि तो ऐकायला मिळालेला वेळ, एवढंच तिचं शाळा-कॉलेज.

जॅझ म्हटलं की आपल्याला ते फार लांबचं, हॉटेलातलं संगीत वाटतं. पण ते आपल्या कानावरून गेलेलं आहे. आपल्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ (१९५१) मधली गाणी आठवा. त्यात चिक चॉकलेट या टोपणनावाच्या गोव्याच्या ट्रंपेटवादकाचा वाटा होता, आणि तो मूळचा जॅझवाला. गोव्याच्या अशा कितीतरी वादकांनी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवलं आणि तेच हात हिंदी सिनेमाच्या गाण्यांना लागले. आणि जॅझचा गाभा तर आपल्याला अजिबात परका नाही. आपला गवई बंदिश तीच ठेवतो आणि दरवेळी ती नव्याने मांडतो. जॅझवाला धून तीच ठेवतो आणि त्या क्षणी सुचेल तशी ती फुलवत नेतो. म्हणून तर व्हर्जिनियाला भीती होती की लेक कागदाला बांधली गेली, तर फुलवणं राहून जाईल.

मेरी साधारण पाच वर्षांची असताना घर उत्तरेला पिट्सबर्ग शहरात आलं. दक्षिणेत काळ्या माणसाला ना नीट मजुरी होती ना मान, म्हणून त्या काळात हजारो कुटुंबं अशी उत्तरेकडे निघाली होती. पण पिट्सबर्गमध्येही गोऱ्या शेजाऱ्यांनी त्यांच्या घरावर विटा फेकल्या. पुढे हीच लहानगी त्या शेजाऱ्यांच्या घरी जाऊन पियानो वाजवू लागली आणि विटा थांबल्या. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. एवढ्याशा पोरीने घराचं रक्षण करावं, तेही बोटांनी!

सहा-सात वर्षांची मेरी घरोघरच्या समारंभांत वाजवून भावंडांच्या पोटाला हातभार लावत होती. ईस्ट लिबर्टी या त्यांच्या भागात ती पियानोवाली छोटी मुलगी म्हणूनच ओळखली जायची. तिच्या सावत्र वडिलांचाही इथे उल्लेख करायला हवा. त्यांचं नाव फ्लेचर बर्ली. त्यांनी तिला घरी पियानो आणून दिला. ते तिला आपल्या लांब कोटाखाली लपवून जुगाराच्या अड्ड्यांवर घेऊन जायचे, तिथल्या पियानोवर बसवायचे आणि टोपी फिरवायचे. टोपीत पहिला डॉलर स्वतः टाकायचे, म्हणजे बाकीचेही टाकतात. घरी येताना आपला डॉलर तेवढा परत मागून घ्यायचे. जागा मुलीला न्यायची खचितच नव्हे. पण सावत्र बाप लेकीचं वाजवणं चारचौघांत अभिमानाने मिरवतो, हे त्या काळात थोडं होतं का?

पिट्सबर्गच्या एका थिएटरात तिने लहानपणी एक दृश्य पाहिलं आणि ते जन्मभर विसरली नाही. लव्ही ऑस्टिन नावाची बाई पियानोवर बसली होती. पायावर पाय टाकलेला, तोंडात सिगरेट. डावा हात वाजवतोय आणि उजवा हात पुढच्या नाचाचं संगीत कागदावर लिहितोय! समोरचे सगळे वादक पुरुष, आणि त्यांना वाजवायला लावणारी ही एक बाई. मेरीने तिथेच मनाशी ठरवलं, मला असं व्हायचंय. पुढे खरोखरच ती एका हाताने वाजवत दुसऱ्याने लिहायला शिकली. एका मुलीला फक्त एक बाई तसं करताना दिसावी लागते.

इथे थोडं माझं सांगते. आमच्या घरी आजोबांची पेटी होती. मला गाण्याच्या क्लासला घातलं होतं. चार गाणी यावीत, हळदीकुंकवाला, लग्नकार्यात म्हणता यावीत एवढाच हेतू. पेटी मात्र माळ्यावरच राहिली. वाजवायला शिकायचं असं मी म्हटलं की सगळे हसायचे, कुणी रागवायचं नाही. मुलीने गावं, वाजवायचं काम दादा-काकांचं, हे इतकं ठरलेलं होतं की त्यावर भांडायचं असतं हेच सुचलं नाही. मग बी.ए. झाले, लग्न झालं, मुलं झाली, बचत गटांचं काम अंगावर घेतलं. वाद्य राहून गेलं ते गेलंच.

आजही आमच्या महिला भजनी मंडळात आम्ही सतरा जणी गाणाऱ्या आहोत. पेटीला आणि तबल्याला मात्र पुरुष लागतात. पेटीवाले काका गावाला गेले की आमचं भजन टाळांवर. तुमच्याही गावात थोड्याफार फरकाने असंच असेल. अन्नपूर्णादेवींचं सुरबहार, एन. राजम यांचं व्हायोलिन, झरीन दारूवालांचं सरोद ही नावं आपण आदराने घेतो, पण ती बोटांवर मोजण्याइतकी. जॅझमध्येही तेच होतं. गाणाऱ्या बायका पुष्कळ, सजून माइकसमोर उभ्या राहणाऱ्या. वाद्यापाशी बसलेली बाई मात्र क्वचित. म्हणून मेरी लू मला जवळची वाटते.

तिलाही ती जागा आयती मिळाली नाही. शाळकरी वयातच ती सुट्टीत फिरत्या खेळांबरोबर गावोगाव वाजवत हिंडू लागली. तिथेच सॅक्सोफोन वाजवणारा जॉन विल्यम्स भेटला. सोळा-सतरा वर्षांची असताना त्याच्याशी लग्न झालं. जॉनला अँडी कर्क यांच्या बँडमध्ये काम मिळालं. मेरीला नाही, कारण तिथे पियानोवादक आधीच होता. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा गावात वाजवायचं काम नसे तेव्हा तिने अंत्यविधी करणाऱ्या एका माणसाकडे मृतदेह पोचवायचं काम केलं. विशीही न गाठलेली बाई ते काम करत होती!

बँड कॅन्सस सिटीला आला. नवरा आत वाजवायचा आणि ही बाहेर गाडीत बसून राहायची. आतला रंग उतरला, लोक नाचेनासे झाले की आतून कुणीतरी बोलवायला यायचं. ही जाऊन असं काही वाजवायची की पुन्हा सगळे नाचायला लागायचे. मला ते गाडीत बसणं डोळ्यांसमोर दिसतं. आपल्यातल्या कितीतरी जणी अशा गाडीत बसलेल्या असतात. अडलं की बोलावणं येतं आणि निभावलं की पुन्हा गाडी.

१९२९ मध्ये बँडच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी नेहमीचा वादक आलाच नाही. ही बसली. पुढच्या वर्षी शिकागोला तिचं एकटीचं वादन ध्वनिमुद्रित झालं. मेरीच्या पुढे ‘लू’ लागलं तेही याच सुमारास, रेकॉर्ड कंपनीच्या सांगण्यावरून. लवकरच बँडची मुख्य पियानोवादक तीच झाली. तोवर तिला संगीताचं लिखाण येत नव्हतं. मनात रचना तयार असायची, पण कागदावर उतरवायची कशी? ती सांगायची आणि अँडी कर्क लिहून घ्यायचे. मग त्यांच्याकडे बघून, विचारून ती स्वतः लिहायला शिकली. आईने कागद दूर ठेवला तो कायमचा नव्हे. आधी कान पक्का झाला, मग कागद आला. आणि आला तो असा, की १९३७ मध्ये बेनी गुडमन यांच्यासारख्या त्या काळातल्या सर्वांत लोकप्रिय बँडवाल्याने तिचं ‘रोल एम’ वाजवलं आणि ते गाजलं. रात्री वाजवायचं, प्रवासात मोटारीत बसल्या बसल्या लिहायचं, असं तिने सगळ्यांच्या बँडसाठी लिहिलं. पुढे ड्यूक एलिंग्टन यांच्यासाठीही.

१९४२ मध्ये बँड सुटला, जॉनचीही साथ सुटली होती. ट्रंपेटवादक शॉर्टी बेकर यांच्याशी झालेलं दुसरं लग्नही फार काळ टिकलं नाही. मेरी लू न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात स्वतःच्या घरात राहू लागली. हे घर म्हणजे पुढे एक विद्यापीठच झालं. थेलोनियस मंक, बड पॉवेल, डिझी गिलेस्पी ही नावं जॅझमध्ये आज देवासारखी घेतली जातात. तेव्हा ती नवी पोरं होती. रात्रीची कामं संपवून पहाटे हिच्याकडे जमायची, नवं काही सुचलं की वाजवून दाखवायची. बाकीचे जुने लोक या पोरांच्या नव्या संगीताला नाकं मुरडत होते. ही मात्र त्यांच्याहून मोठी आणि नावाजलेली असूनही ऐकून घ्यायची, सुधारायची, स्वतःही शिकायची. तिच्या आईने वाजवणाऱ्यांना घरी बोलावलं होतं, लेकीनेही तेच केलं.

याच काळात तिने बारा राशींवर बारा रचना केल्या. आपल्या मेष-वृषभ-मिथुन याच त्या राशी! एकेका राशीत जन्मलेल्या संगीतकार मित्रमैत्रिणींना त्या अर्पण केलेल्या. ३१ डिसेंबर १९४५ ला न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्या सादर झाल्या, आणि १९४६ मध्ये त्यातले तीन भाग कार्नेगी हॉलमध्ये मोठ्या वाद्यवृंदासह वाजले. जॅझवाली, त्यातून काळी, त्यातून बाई. त्या सभागृहात तिने लिहिलेलं संगीत अख्खा वाद्यवृंद वाजवतोय, हे तेव्हा कोणी कल्पनेतही आणलं नसेल.

आणि मग तिने वाजवणं सोडलं.

१९५२ मध्ये थोड्या दिवसांसाठी म्हणून ती इंग्लंडला गेली आणि युरोपात दोन वर्षं राहिली. पैशांची फसगत, थकवा, आजूबाजूच्या वादकांची व्यसनं, सगळं साचत गेलं होतं. १९५४ मध्ये पॅरिसमध्ये कार्यक्रम चालू असतानाच ती उठली आणि निघून गेली. न्यूयॉर्कला परतल्यावर पियानोपासून लांबच राहिली. पुढच्याच वर्षी तिच्या घरी येणाऱ्यांपैकी एक, चार्ली पार्कर हा अलौकिक सॅक्सोफोनवादक, हेरॉइनच्या व्यसनाने पोखरून अवघ्या ३४ व्या वर्षी गेला. मेरी लू चर्चमध्ये तासन् तास प्रार्थनेत बसू लागली. व्यसनी, आजारी वादकांना ती आपल्या घरी आणायची, त्यांना खाऊ-पिऊ घालायची, धडपडून कामाला लावायची. तिने कॅथलिक धर्माची दीक्षा घेतली. माणसं मरत असताना पियानो कसला वाजवायचा, असं तिला वाटू लागलं होतं.

मैत्रिणींनो, माझ्यासाठी खरी गोष्ट इथे आहे. कारण हा प्रश्न माझाही आहे. बचत गटातल्या एकीचा नवरा रोज दारू पिऊन मारतो, दुसरीच्या मुलीचं लग्न सोळाव्या वर्षी ठरवलंय ते थांबवायचंय, तिसरीचं कर्ज थकलंय. या सगळ्यात मी पेटी घेऊन सा रे ग म करत बसू? ती चैन वाटते. वाद्य राहून गेलं याची हुरहुर कधी वाटलीच, तर ती बोलून दाखवायलाही संकोच वाटतो. घर सांभाळणाऱ्या, चारचौघांत काम करणाऱ्या बहुतेक बायकांना हे कळेल. स्वतःसाठीचं काही करायचं, तर आधी जगाची सगळी कामं संपायला हवीत. आणि ती कधी संपतात?

मेरी लूला उत्तर कुठून मिळालं, तर ज्या चर्चमध्ये ती सगळं सोडून बसली होती तिथूनच. तिथल्या पाद्रींनी तिला समजावलं की देवाने तिच्या हातात जे दिलंय तेच तिचं सेवेचं साधन आहे. ते टाकून ती कुणाचंही भलं करत नाही, वाजवणं हीच तिची प्रार्थना होऊ शकते. डिझी गिलेस्पीनेही पिच्छा पुरवला. १९५७ च्या उन्हाळ्यात, वयाच्या ४७ व्या वर्षी, न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात ती गिलेस्पीच्या बँडबरोबर पुन्हा पियानोवर बसली. वाजवल्या त्या आपल्याच राशींच्या रचना.

तिने सेवा सोडली का? अजिबात नाही. वादकांच्या मदतीसाठी तिने ‘बेल कँटो’ नावाची संस्था काढली. हार्लेममध्ये वापरलेल्या कपड्यांचं, वस्तूंचं दुकान चालवलं. दुकानातून येणारं आणि स्वतःच्या कमाईतला दहावा हिस्सा ती त्यात घालायची. आम्ही बचत गटवाल्यांनी गावात जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून विकल्या आहेत, त्यामुळे असं दुकान चालवताना माणूस किती मेटाकुटीला येतं ते मी समजू शकते. वस्तू ढीगभर येतात, पैसे चिमूटभर. तिचंही दुकान फार चाललं नाही. पण आता एका हातात दुकान आणि दुसऱ्या हातात पियानो होता.

उतारवयात ती खूप काही करून गेली. कृष्णवर्णीय संत मार्टिन द पोरेस यांच्यावर तिने रचना केली. पिट्सबर्गला मुलींच्या एका कॅथलिक शाळेत शिकवलं आणि चर्चच्या उपासनेसाठी जॅझमध्ये संगीत बांधलं. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये तिची उपासना जॅझमध्ये झाली. जे संगीत एकेकाळी कोटाखाली लपून अड्ड्यावर वाजवलं, तेच तिने शहरातल्या एका मोठ्या चर्चमध्ये देवापुढे ठेवलं. १९७७ पासून ड्यूक विद्यापीठात ती विद्यार्थ्यांना जॅझ शिकवू लागली. जिला आईने शिक्षकाकडे पाठवलं नाही, ती विद्यापीठात शिक्षक झाली! १९७८ मध्ये व्हाइट हाउसच्या हिरवळीवर वाजवलं. २८ मे १९८१ ला कर्करोगाने ती गेली. त्याआधी, १९८० मध्ये, तिने स्वतःच्या नावाने एक निधी उभा केला होता. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना जॅझ शिकायला मिळावं म्हणून.

माझ्या भाचीने मोबाइलवर तिचं वादन लावून दिलं. मला त्यातलं शास्त्र कळत नाही. पण डावा हात एखाद्या घट्ट तालावर ठाम चाललेला असतो आणि उजवा हात मनात येईल तिथे फिरून येतो, हे कळतं. भाजी निवडता निवडता मी पुन्हा पुन्हा ऐकते. ऐकताना आनंद होतो आणि एक बारीक कळही येते. सहाव्या वर्षीची बोटं आता मिळणार नाहीत. ती हळहळ राहणारच, आणि ती खोटी आहे असं मला स्वतःला समजवायचंही नाही.

मात्र एक गोष्ट मी मंडळात मांडली. आपल्या मुलीबाळींना, नातींना नुसतं गायला बसवतो, तसं पेटीपाशीही बसवू या. क्लास मागाहून बघू. आधी पेटी माळ्यावरून खाली तर येऊ दे, हाताला लागेल अशी ठेवू या. त्यांच्याबरोबर आपल्यातल्याही कुणी बसाव्यात. सतराजणींत तिघी तयार झाल्या. पेटीवाल्या काकांनी भाता कसा धरायचा इथपासून दाखवायचं कबूल केलंय. बुधवारी दुपारी तीन वाजता, नळाचं पाणी येऊन गेलं की.